दोघांपुरती टाकी

१

गाडीत राहायला निघाले की बंडोपंतांचा दिवस गॅसच्या टाकीपासून सुरू होत असे. तोंड धुऊन झालं की ते एक फडकं पाण्यात बुडवून पिळायचे, गाडीच्या मागच्या अंगाचं पत्र्याचं छोटं दार बाहेरून उघडायचे आणि आत उभ्या केलेल्या लाल टाकीवरून ते फडकं वरपासून खालपर्यंत फिरवायचे. मग कमरेवर हात ठेवून वाट बघायची. टाकीचा रिकामा भाग लवकर सुकतो. आत जिथवर गॅस असतो तिथवर ओल रेंगाळते. ती ओलीची रेघ दिसली की किती उरलाय ते कळतं.

"कालिंदी, अर्ध्याच्या वर हाये अजून!" ते बाहेरूनच ओरडायचे.

"हौ," कालिंदी आतून म्हणायची आणि चहा गाळायची.

बंडोपंतांची सगळी नोकरी सिंचन विभागात गेली. तळ्यात पाणी किती आलं, कालव्यातून किती सोडलं, मध्ये किती मुरलं, हेच आयुष्यभर पाहिलेला माणूस. निवृत्त झाल्यावर पाहायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी बालाघाट शहरातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याची जुनी मिनीबस घेतली, तिच्यातल्या सीटा काढून टाकल्या आणि वर्षभर खपून तिचं घर केलं. बसायच्या बाकाचीच रात्री खाट व्हायची. एका बाजूला बेसिन, त्याला लागून दोन बर्नरची शेगडी, वरती डबे. खिडक्यांचे पडदे कालिंदीनं शिवले. शाळेतून निवृत्त होईपर्यंत तिनं बालाघाटाबाहेरचं जग फारसं पाहिलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला तिनं नाक मुरडलं आणि मग पडद्यांचं कापड निवडायला स्वतःच बाजारात गेली.

पहिली खेप किरनापूरकडची, तिच्या भावाच्या शेतावर. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत त्यांनी गाडी उभी केली. दोन माणसं, दोन वेळचा स्वयंपाक आणि बंडोपंतांचा चहा. पाच किलोची टाकी पंधरवडाभर जाईल, असा त्यांचा अंदाज होता. टाकी बरोबर तेवढीच गेली. भावाच्या घरच्यांनी जेवायला बोलावलं तरी बंडोपंत जाईनात, कारण त्यानं हिशेब बिघडला असता. कालिंदी लेकीला, श्रद्धाला, फोनवर सांगताना हसून हसून बेजार झाली होती.

दुसरी खेप बिरसा गावाच्या पलीकडे. रानात विभागाचं एक जुनं, छोटं तळं होतं. तिथला चौकीदार ओळखीचा, त्यानं पाळीखाली, तळ्याच्या बांधाच्या पायथ्याशी, सपाट जागेवर गाडी लावू दिली आणि तो आपल्या गावी निघून गेला. चारी बाजूंना सालाची झाडं, समोर पाणी, आणि थंडी अशी की सकाळी बादलीला हात लावताना जीव कचरायचा. टाकी नवी भरलेली होती.

तिथं येऊन थोडे दिवस झाले होते. त्या सकाळी बंडोपंतांनी फडकं फिरवलं आणि ते वाट पाहत उभे राहिले. कालिंदी हाकेची वाट पाहत होती. हाक आली नाही. तिनं खिडकीतून पाहिलं, तर ते पुन्हा फडकं ओलं करत होते. मग त्यांनी तिसऱ्यांदा केलं. ओलीची रेघ अर्ध्याच्याही बरीच खाली आली होती.

आत येऊन त्यांनी चहा घेतला आणि टाकीबद्दल चकार शब्द काढला नाही.

२

त्याच दुपारी कालिंदी तळ्यावरून कपडे धुऊन आली. बंडोपंत बाहेर खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. ती आत चढली आणि जागीच थबकली. शेगडीचा मागचा बर्नर पेटलेला होता. मोठ्या आचेवर, निळा, सुसाट. वर भांडं नव्हतं. ओट्यावर काही काढून ठेवलेलंही नव्हतं.

तिनं कळ फिरवून बर्नर बंद केला. बाहेर डोकावून विचारलं, "अहो, तुम्ही आत गेलते का आता?"

"चष्मा घ्याले गेलतो. काहून?"

"काही नाही. असंच."

 बंडोपंतांच्या थोरल्या भावाचं, दादांचं, असंच सुरू झालं होतं. आधी नळ उघडे राहायला लागले, मग गॅस, मग एक दिवस ते स्वतःच्या घराच्या फाटकाशी उभे राहून घर कोणाचं म्हणून विचारायला लागले. शेवटची वर्षं या दोघांनीच त्यांचं सगळं केलं. त्यांना भरवताना बंडोपंत कधी तरी म्हणाले होते, "माझं असं झालं तर तू मले सांगजो नको. मले कळू नको देऊ." तेव्हा तिनं त्यांना रागावून गप्प केलं होतं.

आता तिनं तेच करायचं ठरवलं. कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती काटक्या वेचून आली तर बर्नर पुन्हा पेटलेला. त्याच्या पुढच्या दिवशी बंडोपंत तळ्याच्या पाळीवरून फिरून आले, ती झाडाखाली तांदूळ निवडत होती. ताट घेऊन आत गेली तर तोच मागचा बर्नर, तशीच मोठी आच. ती दर वेळी गुपचूप बंद करायची. मग तिनं लायटर कमरेला खोचून ठेवायला सुरुवात केली आणि डासांच्या अगरबत्तीसाठीची काडेपेटी स्वतःच्या पिशवीत तळाशी घातली.

तरीही एका दुपारी बर्नर पेटलेला मिळाला. लायटर तिच्या कमरेला टोचत होता. ती पेटलेल्या शेगडीकडे पाहत राहिली आणि मनाशी म्हणाली, त्यांनी दुसरा लायटर लपवला असेल. दादाही वस्तू लपवायचे.

एक गोष्ट मात्र तिला नीट जुळवता येत नव्हती. एवढी आच चाललेली असताना गाडीच्या आत ऊब नसायची. बाहेर ऊन अंगावर घेऊन आत चढावं तर गार लादीवर पाय ठेवल्यासारखं वाटायचं. शेगडीजवळ तर जास्तच.

३

बंडोपंतही बदलले होते. ते आता चहा स्वतः करायला लागले. "तू बस, मी करतो," म्हणत तिला शेगडीजवळ येऊच द्यायचे नाहीत. जेवताना मध्येच विचारायचे, "कालिंदी, आज वार कोणता गं?" किंवा "श्रद्धाच्या पोरीचं नाव ठेवलं तेव्हा पावसाळा होता की उन्हाळा?" ती उत्तर द्यायची आणि ते तिच्या तोंडाकडे पाहत राहायचे. तिला वाटायचं, बिचारे, आपल्याला आठवत नाही हे लपवायला माझ्याकडून काढून घेतायत. ती मुद्दाम हळू, समजावून सांगायची. त्यांचा चेहरा आणखी उतरायचा.

टाकी एका सकाळी संपलीच. भात अर्धा कच्चा राहिला.

"लीक असन कुठं तरी," बंडोपंत म्हणाले. "मलाजखंडले जाऊ. तिथं शेगडीवाला आहे एक, दाखवून घेऊ."

"हौ, लीकच असन," कालिंदी पटकन म्हणाली. दोघंही त्या शब्दाला धरून गाडीत बसले.

मलाजखंडला तांब्याच्या खाणीच्या वसाहतीबाहेर, बाजारात नागसेनचं दुकान होतं. मध्यमवयाचा, बोलका माणूस. त्यानं साबणाचा फेस करून टाकीपासून शेगडीपर्यंतच्या नळीला, जोडांना, कळीला लावला. कुठंही बुडबुडा उठला नाही.

"लीकेज बिल्कुल नाही, सर," तो म्हणाला. "नळी नवी, रेग्युलेटर चांगला." मग त्यानं मागचा बर्नर उचलून उजेडात धरला. "पण हा पाहा. पितळ कसं झालं. भोकं झिजली. हॉटेलात चालत होता का हा?"

"नाही," बंडोपंत म्हणाले. "या वर्षीच घेतला. पुढचाही सोबतच घेतलेला."

"पुढचा तर नवाकोरा आहे. हा दिवसदिवस पेटत असन, सर. त्याबिगर असं नाही होत."

 बंडोपंतांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. कालिंदीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. नागसेननं दोघांकडे पाहिलं, नवा बर्नर बसवला आणि गाडीतून उतरता उतरता दंड चोळत म्हणाला, "एसी जोरदार बसवला तुम्ही. थंडीत कशाले चालू ठेवता?"

गाडीत एसी नव्हताच.

भरलेली टाकी घेऊन निघताना कालिंदी म्हणाली, "आता बालाघाटले चला. पुरे झालं."

"खुर्च्या अन् ताडपत्री तिकडंच आहे. सामान घेऊ, एक दिवस थांबू, अन् निघू." बंडोपंत जरा थांबले. मग अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तिथं गेल्यावर एकदा डॉक्टरले पण भेटून घेऊ म्हणतो. वय झालं आता."

कालिंदीला भरून आलं. त्यांना स्वतःलाच कळलंय, असं तिला वाटलं. तिनं गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला. वळण आलं तरी त्यांनी हात काढून घेतला नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपार कलायला लागली तेव्हा दोघं तळ्याकाठी खुर्च्या टाकून बसले होते. सामान आवरून झालं होतं, ताडपत्रीची घडी गाडीवर बांधली होती. चहा पिऊन निघायचं होतं. पाण्यावर ऊन तिरपं पडलं होतं आणि पलीकडच्या काठावर बगळे उभे होते. असं निवांत बसायला मिळेल म्हणून तर ही गाडी केली होती.

कालिंदीनं धीर केला.

"एक बोलू? रागावू नका. डॉक्टरले नागपूरलेच दाखवू. मोठा डॉक्टर पाहू. अन् मी आहे न तुमच्याजवळ. दादांचं केलं, तसं..." 

बंडोपंत तिच्याकडे वळले. "माझ्याजवळ? काहून, मले काय झालं?"

"शेगडी," ती म्हणाली. "तुम्ही शेगडी पेटवता अन् विसरून जाता. रोज. मी बंद करून राह्यली गुपचूप. लायटर लपवला तरी तुम्ही..."

"मी?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "अवं बाप्पा! मी बंद करून राह्यलो! तू धुणं धुवाले गेली की पाहतो तर शेगडी चालू. तू झोपली दुपारची की चालू. मले वाटलं तुलेच... वार काहून विचारत होतो मग तुले? पोरीच्या बारशाचं काहून विचारत होतो?"

"मले वाटलं तुम्हाले आठवत नाही!"

"मले वाटलं तुले आठवत नाही!"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग बंडोपंतांना हसू फुटलं आणि कालिंदीला रडू. ती रडत रडत हसत होती, ते चष्मा काढून डोळे पुसत होते. त्यांनी तिला कालचा वार विचारला, तिनं सांगितला; तिनं त्यांना श्रद्धाच्या सासूचं माहेरचं नाव विचारलं आणि त्यांनी तेही बरोबर सांगितलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता. दोघंही शाबूत होती. कोणी कोणाला विसरणार नव्हतं. कालिंदीला तळं, बगळे, ते तिरपं ऊन एकदम फार सुंदर वाटलं.

हसणं ओसरलं. बंडोपंतांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते काही तरी बोलायला गेले आणि तसेच थांबले. कालिंदीच्याही तेव्हाच लक्षात आलं.

ती नव्हे. तेही नव्हेत.

मागं, गाडीच्या आत, लायटरचा आवाज झाला. चट्. चट्. चट्. आणि मग बर्नर पेटताना होतो तो, भप्प.

कालिंदीनं कमरेचा लायटर काढला आणि मांडीवर ठेवला. बंडोपंत त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्याजवळ दुसरा नव्हता. कधीच नव्हता.

५

"कोणी घुसलं असन," बंडोपंत हळू आवाजात म्हणाले. "गावातलं कोणी."

"दार इथून हातभर आहे. चढलं असतं तर ऐकू आलं असतं."

"खिडकीतून."

खिडक्यांना त्यांनी स्वतः जाळ्या बसवल्या होत्या. दोघांनाही ते ठाऊक होतं. तरी ती शक्यता त्यांनी क्षणभर दोघांच्या मध्ये राहू दिली.

बंडोपंत उठले. दाराकडे गेले नाहीत. ते गाडीच्या मागच्या अंगाला गेले, पत्र्याचं छोटं दार त्यांनी उघडलं आणि टाकीला हात लावून झटकन मागं घेतला. कालिंदी मागोमाग गेली होती. लाल टाकीवर बुडापासून अर्ध्यापर्यंत गोठलेलं पांढरं दहिवर धरलं होतं. कोणी मोठ्या घाईनं गॅस ओढून घ्यावा, तशी टाकी गारठली होती.

"बंद करतो," ते म्हणाले. रुमाल गुंडाळून त्यांनी टाकीची कळ आवळली.

आतला बर्नरचा सूं सूं आवाज थांबला.

गाडी जराशी हलली. आत कोणी कूस बदलली की हलते, तेवढीच. मग आवाज आला. कालिंदीनं चाळीत, शाळेत, दवाखान्यात खूप रडणी ऐकली होती, पण हे रडणं नव्हतं. दात वाजत होते. थंडीनं कुडकुडताना वाजतात तसे, आधी हळू, मग जोरात, थांबवता न येणारे. दातांवर दात. आणि त्या आवाजाच्या मागं आणखी तसाच आवाज, बारीक, लहान जबड्याचा.

कालिंदी शाळेत असताना थंडीत पोरांना उन्हात बसवून शिकवायची. स्वेटर नसलेली पोरं अशीच दात वाजवायची आणि बाईंनी पाहिलं की ओठ मिटून घ्यायची. आताही तसंच झालं. आवाज मध्येच दाबला गेला, पुन्हा सुटला, पुन्हा दाबला गेला.

"चालू करा," ती म्हणाली.

"काय?"

"टाकी चालू करा परत."

"कालिंदी, आत शेगडीची कळ उघडी आहे. गॅस नुसता पसरन आत. भडका होईन."

"नाही होणार. चालू करा, पाया पडते मी."

 बंडोपंतांनी कळ उलटी फिरवली. लगेचच आतून चट्, चट् झालं आणि भप्प. कुडकुडणं हळूहळू उतरत गेलं, आणि शेवटी फक्त बर्नरचा सूं सूं आवाज राहिला.

दोघं खुर्च्यांकडे परतले, कारण दुसरं कुठं जाणार? चौकीदार नव्हता, गाव लांब होतं, रस्ता रानातून जात होता. त्यांनी खुर्च्या एकमेकींना चिकटवल्या आणि एकच शाल दोघांच्या खांद्यांवर घेतली. सूर्य झाडांमागं उतरला. तिन्हीसांजेच्या करड्या उजेडात शेगडीजवळची खिडकी निळी दिसायला लागली.

"मी येतो पाहून," बंडोपंत एकदा म्हणाले.

"नका जाऊ."

ते गेले नाहीत. पण वाऱ्यानं पडदा हलला. कालिंदीनं शिवलेला, पिवळ्या फुलांचा. तो बोटभर सरकला, आणि त्या फटीतून तिला ज्योत दिसली.

ज्योतीवर हात धरलेले होते. दोन हात, तळवे खाली केलेले. इतके जवळ, की निळी आच बोटांच्या मधून वर येत होती. हात मागं होत नव्हते. त्यांच्या शेजारी दोन लहान हात होते. पलीकडून आणखी एक हात मध्ये घुसत होता, जागा शोधत. पडदा परत जागेवर आला.

तिनं बंडोपंतांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. ते शालीखाली तिचा हात शोधत राहिले.

टाकी संपेपर्यंत ते तिथंच बसले. निळा उजेड पिवळट झाला, लपलपला आणि गेला.

मग काही आवाज झाला नाही. बंडोपंतांनी खुर्च्या आहेत तिथंच सोडल्या. दोघं पुढच्या दारानं चढून पुढच्या सीटांवर बसली. मागच्या घराकडे जाणारा पडदा ओढलेला होता, तो कालिंदीनं आणखी नीट ओढला. गाडी सुरू झाली. बिरसा मागं पडेपर्यंत बंडोपंत समोरच्या काचेशिवाय कुठंही पाहत नव्हते.

घाटातल्या एका वळणावर गाडी मंद झाली तेव्हा मागून श्वासांचे आवाज आले. संथ, जड, एकात एक मिसळलेले.

"झोपले," कालिंदी म्हणाली.

बंडोपंतांनी पुढचा खड्डा चुकवला.

६

बालाघाटात दोघांच्याही तपासण्या झाल्या. डॉक्टरनं दोघांना चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, रक्त काढलं. दोघंही ठणठणीत निघाली. श्रद्धानं फोनवर देव पावला म्हणून सांगितलं. त्या बातमीनं कालिंदीचं मन आणखीच खचलं. काही तरी निघालं असतं तर त्याच्यावर औषध तरी असतं.

गाडी घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. परतल्यावरच्या पहिल्या थंड संध्याकाळी कालिंदी खिडकीशी गेली तर बंडोपंत नवी टाकी घेऊन गाडीच्या मागं निघाले होते.  थोड्या वेळानं गाडीची खिडकी निळी झाली.

गाडी विकावी, असं श्रद्धाचं म्हणणं होतं. गोंदियाहून एक तरुण जोडपं पाहायलाही आलं. नवरा आत चढला, बायको पायरीवर थांबली. तिच्या कडेवर बाळ होतं. नवरा लगेच खाली उतरला, हात काखेत दाबून धरलेले. "काका, छान केली आहे गाडी," तो म्हणाला. बाळ गाडीच्या आतल्या अंधाराकडे पाहून हात पुढं करत होतं, कोणी तरी घ्यायला बोलावल्यासारखं.

"विकायची नाही," बंडोपंत म्हणाले. "माफ करा, मन बदललं आमचं."

ते जोडपं गेल्यावर त्यांनी गाडीला कुलूप घातलं आणि बराच वेळ किल्ली मुठीत धरून ओट्यावर बसले.

हिवाळा सरला तेव्हा दोघांनाही वाटलं, आता सुटका होईल. पळस फुलून गेला. मग उन्हाळा आला, आणि बालाघाटचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घरात कूलर घरघरत होता. गाडीचा पत्रा मात्र भर दुपारी हात लावला तर माठासारखा गार लागायचा, आणि काचा आतून धुरकटलेल्या असायच्या.

टाकी आता पूर्वीपेक्षा लवकर संपत होती. बंडोपंत फडकं फिरवायचे, रेघ पाहायचे आणि ओठांतल्या ओठांत काही तरी जुळवायचे. एका दुपारी ते आत आले, पंख्याखाली बसले आणि खाली बघत म्हणाले, "कालिंदी, ही जास्त माणसं आहेत आता. पहिले इतकी नव्हती."

ती भाजी चिरत होती. तिनं विळी बाजूला केली. कपाटातून जुन्या दोन गोधड्या काढल्या, ऊन लागू नये म्हणून डोक्यावर पदर घेतला आणि गाडीकडे गेली. तळ्यावरून आल्यापासून ती आत गेली नव्हती.

कुलूप काढून तिनं दार जरासं उघडलं. उन्हातून आत पाहताना काही दिसलं नाही. फक्त लांब, कोपऱ्यात, निळी ज्योत होती, आणि तिच्यासमोर दाट अंधार, दाटीवाटीनं बसल्यासारखा. गार हवा तिच्या घोट्यांवरून बाहेर वाहत आली. तिनं वाकून गोधड्या आत सरकवल्या. त्या तिच्या हातातून अलगद घेतल्या गेल्या.

मग बाकाची फळी करकरली. एकदा, मग पुन्हा, ओळीनं, दारापासून शेगडीपर्यंत. कालिंदीनं तो आवाज ओळखला. आधीच भरलेल्या बाकावर आणखी कोणी यावं म्हणून सगळे थोडे थोडे सरकतात, तसा तो होता. ज्योतीच्या अगदी जवळ, अंधारात जागा झाली. दोघं बसतील एवढी.

तिचा एक पाय पायरीवर होता. वर ठेवलेला कधी, ते तिला कळलं नव्हतं.

"आता नाही," ती आत बघत, वर्गातल्या पोरांना समजवावं तशी म्हणाली. "अजून आम्ही नाही येत."

 झालेली जागा तशीच राहिली.

तिनं पाय खाली घेतला आणि दार लावलं. कुलूप घालताना बोटं इतकी बधिरली होती की किल्ली दोनदा खाली पडली. वळून पाहते तर बंडोपंत उन्हात उभे होते, छातीशी भरलेली टाकी धरून, घामानं निथळत.

"कोणासोबत बोलून राह्यलती?" त्यांनी विचारलं.

"कोणासोबत नाही," ती म्हणाली, आणि पुढं होऊन टाकीचं एक कडं तिनं धरलं. "चला. दोघं मिळून नेऊ."